कैफियतीचा रकाना

देवाजींच्या घरी पाहुणा ठरल्या वेळेपेक्षा उशिरा आला, तर पाण्याच्या तांब्याआधी त्याला कारण द्यावं लागे. नुसतं 'बस चुकली' म्हणून भागत नसे. कोणती बस, किती वाजताची, आणि ती चुकली कुणापायी, हे सगळं रीतसर झालं की देवाजी मान हलवत आणि आत हाक मारत, "दीक्षाची माय, पानी आन." पाहुणे मनातल्या मनात हसत, पण पुढच्या खेपेला कारण खिशात घालूनच येत.

ही खोड त्यांना कचेरीनं लावली होती. भीमपूरकडच्या एका गावात, महाराष्ट्राची हद्द जिथून हाकेवर आहे तिथं, त्यांचा जन्म. आईबाप दुसऱ्याच्या रानात कापूस वेचणारे. बौद्ध वस्तीतले पहिले दहावी पास देवाजीच, आणि मंडल कचेरीत, म्हणजे तिकडच्या तहसिलीत, लागलेले पहिले कारकूनही तेच. तिथं दोन कामं त्यांच्या गळ्यात पडली ती एकतीस वर्षं सुटली नाहीत. रोज सकाळी साडेआठला आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, पाऊस किती झाला ते वहीत लिहायचं. आणि आठवड्याच्या शेवटी पावसाचं, पेरणीचं, पिकाचं पत्रक इंग्रजीत तयार करून जिल्ह्याला धाडायचं. पत्रकाचा शेवटचा रकाना कैफियतीचा. निजामाच्या अमलापासून चालत आलेला शब्द. आकडा का वाढला, का घटला, ते त्या रकान्यात लिहायचं.

बाकीचे कारकून तिथं एक आडवी रेघ ओढून मोकळे होत. त्यांना कधी कुणी जाब विचारला नाही. देवाजींनीही पहिल्या महिन्यात तशीच रेघ ओढली, आणि जिल्ह्याहून फोन आला. "एंदुकु तग्गिंदी?" आकडा का कमी झाला, असं तिकडचा साहेब तेलुगूत विचारत होता. इकडच्या साहेबानं हिंदीत विचारलं, "क्यों?" संध्याकाळी सायकलला टांग मारता मारता शिपायानं मराठीत विचारलं, "काऊन वो देवाजीभाऊ, काय केलं तुमी?" एका दिवसात तीन भाषांत एकच प्रश्न ऐकल्यावर देवाजी काय ते समजले. रेघ सगळ्यांची चालते, आपली चालायची नाही. त्यानंतर त्यांनी एकही आकडा कैफियतीवाचून सोडला नाही. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालताना साहेब म्हणाला की यांचं पत्रक शंका लागून एकदाही परत आलं नाही. देवाजींच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी पदवी. "आकडा उघडा ठेवू नये," हे वाक्य ते आल्यागेल्याला ऐकवत. कचेरीनं निरोपाला दिलेला जुना पर्जन्यमापक काचेच्या मापासकट त्यांच्या अंगणात होता, आणि निवृत्त होऊनही साडेआठची वही चालूच होती.

आता हे सगळं दीक्षाच्या मुळावर येईल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

दीक्षा त्यांची एकुलती एक मुलगी. नर्सिंग शिकलेली, आदिलाबादच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरीला. सत्ताविसावं सरत आलेलं. हात इतका हलका की लहान लेकराला सुई टोचली तर लेकरू नंतर आठवण आल्यासारखं रडे. इंग्लंडातल्या एका इस्पितळानं तिची मुलाखत घेतली आणि जागा देऊ केली. अट एकच होती, इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हीत तिला सातच्या पुढे गुण होते. लिहिण्यात साडेसहा हवे होते. तिला सहा मिळाले. पुन्हा दिली, पुन्हा सहा. इस्पितळाचं शेवटचं पत्र आलं की जागा एकतीस मार्चपर्यंत राखून ठेवू, पुढे दुसऱ्याला देऊ. तिसऱ्या परीक्षेची तारीख मिळाली अठ्ठावीस फेब्रुवारी. ही गेली की पुन्हा बसायला आणि निकाल यायला मार्चात जागा उरत नव्हती. पंधरा दिवसांची रजा काढून दीक्षा गावी आली ती बापाकडे शिकायला.

कारण लिहिण्याच्या परीक्षेतला पहिला प्रश्न ऐकून देवाजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. एक आलेख नाहीतर तक्ता देतात, आणि वीस मिनिटांत दीडशे शब्दांत त्याचं वर्णन करायचं. "हे तं माह्यंच काम हाय," ते म्हणाले, आणि पहिल्या परीक्षेपासून शिकवणी त्यांनी आपल्या हाती घेतली. रोज चार वाजता अंगणातल्या कडुलिंबाखाली टेबल. जुन्या पत्रकांच्या नकला त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्यातला एक कागद ते पुढ्यात सरकवत. दीक्षाचा फोन घड्याळ म्हणून स्वतःच्या हातात धरत.

शिकवायचे मात्र झकास. "नाल्याचं पानी डोयापुढं आन. एकदम चढलं तं रोझ शार्पली. हऊहऊ चढलं तं ग्रॅज्युअली. खालीवर होत राह्यलं तं फ्लक्च्युएटेड. जिथल्या तिथं राह्यलं तं रिमेन्ड स्टेडी. आन मागच्या सालचं पानी असंन तं क्रियापद बी मागच्या सालचंच पायजे." एकच गोष्ट दोनदा सांगायची पाळी आली तर पालटून कशी सांगायची, तेही ते शिकवत. एकदा रोझ शार्पली म्हणालीस तर दुसऱ्यांदा देअर वॉज अ शार्प राइज म्हण. इथवर त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

पण पुढे ते लाल शाई काढत. "इथं आकडा पडला. काऊन पडला? लिव." ड्यू टू, ओइंग टू, ऑन अकाउंट ऑफ, इन व्ह्यू ऑफ. कारण जोडायच्या चार तऱ्हा त्यांच्या जिभेवर होत्या, त्या मुलीच्या हातात उतरल्या होत्या. दीक्षाच्या दीडशे शब्दांतले साठ-सत्तर शब्द कारणांतच खपत. घड्याळ संपे तेव्हा शेवटची ओळ अर्धी असे.

रजेच्या तिसऱ्या दिवशी ते घडलं. दीक्षा मान खाली घालून लिहीत होती. अकरा मिनिटं उरली होती. देवाजींच्या हातातला फोन थरथरला आणि आकड्यांवर एक निरोप येऊन बसला. तेजस्विनीचा होता. ती दीक्षाबरोबर नर्सिंग शिकलेली, बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराची लेक, तीन वर्षांपासून इंग्लंडात. दीक्षानं आपला एक पेपर तिला तपासायला पाठवला होता, हे देवाजींना ठाऊक नव्हतं. दुसऱ्याचं वाचू नये, हे त्यांना कळत होतं. पण कारकुनाचे डोळे, कागद दिसला की ते आधी वाचतात.

'दीक्षा, तुही इंग्रजी माह्यापेक्षा चांगली हाय. पन हे ड्यू टू, ड्यू टू काय लावलं? पाऊस काऊन कमी झाला हे त्या तक्त्यात कुठी दिसते? दिसते तेवढंच लिव. आन सगयं मिळून काय दिसते ते दोन वाक्यांत कुठी हाय? ते नसलं तं सहाच्या वर कोनी देत नाई. तुले असं लिवाले शिकवलं कोनं?'

देवाजींनी फोन पालथा घातला. वेळ संपल्याचं सांगायला त्यांना चार मिनिटं उशीर झाला. दीक्षानं वर बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

पहिले दोन दिवस त्यांना राग आला. कालची पोट्टी, मोठी आली शिकवणारी. एकतीस वर्षं ज्याचं पत्रक परत आलं नाही त्याला विचारते, शिकवलं कोणी. तिसऱ्या दिवशी रागाचा जोर ओसरला आणि खाली भीती लागली. मुलीचे दोन्ही सहा त्यांना डोळ्यांपुढे दिसायला लागले. जेवताना ताटात, अंघोळीच्या वेळी बादलीत, जिकडेतिकडे सहा. बोलून टाकावं तर ते सहा आपल्या नावावर चढतात. न बोलावं तर मुलगी तेच गिरवत राहते. देवाजी गप्प बसले. एका माणसाला लाज वाटली म्हणून घरातले तीन दिवस वाया गेले.

आणि दीक्षा? तिनं निरोप वाचलाच होता. पण चार वाजले की ती बापापुढे मुकाट्यानं बसे आणि प्रत्येक उतारापुढे कारण लिहून देई. सकाळी माळ्यावर जाऊन दुसऱ्या वहीत तोच पेपर तेजस्विनीच्या सांगण्याप्रमाणे लिही. एकदा ती नळावर गेली असताना ती वही खाटेवर उघडी राहिली. देवाजींनी पाहिलं. पानापानावर ड्यू टू लिहिलेलं होतं आणि खोडलेलं होतं. एका पानावर पाच वेळा. तिला नको होतं तरी तिचा हात ते लिहीतच होता. बापानं हातात घातलेली सवय चार दिवसांत निघत नव्हती, आणि परीक्षा सहा दिवसांवर आली होती. देवाजींनी वही होती तशी ठेवली. त्या दिवशी त्यांनी दोन घासही धड खाल्ले नाहीत, आणि बायकोनं, सखूबाईंनी, विचारलं तेव्हा पोट बिघडल्याचं कारण चटकन त्यांच्या तोंडी आलं.

त्याच दिवशी चार वाजता त्यांनी जो हाती लागेल तो कागद पुढे केला. अठ्ठ्याण्णव सालच्या जुलैचा पाऊस. दीक्षानं लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं. सखूबाई ओट्यावर सुपात तुरीचे खडे निवडत बसल्या होत्या. चौथी शिकलेल्या, इंग्रजीचा गंध नाही, पण मुलीचा आवाज ऐकायला आवडे.

"काय लिवलं, मले बी सांग न माय."

दीक्षानं मराठीत सांगितलं. "एकोनीस आन वीस जुलैले पाऊस झालाच नाई, आभाय मोकयं होतं म्हनून. आन एकवीसले एकदम एकशे चौऱ्यांशी मिलिमीटर झाला, ढगफुटी झाली म्हनून."

सुपातले हात थांबले. "कोनत्या सालचं व्हय हे?"

"अठ्ठ्यान्नव."

"वीस जुलै अठ्ठ्यान्नव म्हंजे तुहा जन्म." सखूबाई हसल्या. "आभाय मोकयं कुठचं? तीन दिस उसंत नव्हती पान्याले. नाल्यातून जीप काढली तं पानी माह्या मांडीलोक आलं होतं. तुहे बाबा एका हातानं मले धरून होते, दुसऱ्या हातानं छत्री. छत्री उडून गेली, मंग दोनी हातानं धरलं. इचार त्यायले."

दीक्षानं बापाकडे बघितलं. देवाजींची नजर कागदावर होती. त्यांच्याच अक्षरातला कागद, खाली त्यांचीच आखूड सही. त्यांच्याजवळ कारणांचा तोटा नव्हता. दवाखाना आदिलाबादला, कचेरी कितीतरी लांब, तिकडे पडला असेल आणि इकडे नसेल, असं एक कारण तर जिभेच्या शेंड्यावर येऊन उभं राहिलं. ते बोलले असते तर दोघींनी मानलंही असतं.

"लबाड हाय तो आकडा," देवाजी म्हणाले.

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. रजा मागितली होती, साहेबानं दिली नव्हती. सखूबाईंच्या कळा थांबणाऱ्या नव्हत्या, ते न सांगता निघाले. परतले तेव्हा पर्जन्यमापक काठोकाठ भरलेला. तीन दिवसांचं पाणी एकत्र. जागेवर नव्हतो असं लिहिलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून दोन दिवस शून्य मांडलं आणि सगळं पाणी तिसऱ्या दिवसावर घातलं.

"आन मंग कैफियत लिवली. आभाय मोकयं. ढगफुटी. जिल्ह्यातून कोनी फोन केला नाई. रकाना भरेल होता न. दोन शून्यं उघडी ठेवली असती तं दुसऱ्याच दिवशी काऊन म्हनून इचारलं असतं." त्यांनी कागद पालथा घातला. "कैफियत खरं सांगाले नसते लिवत पोरी. कोनी इचारू नये म्हनून लिवते. मी तुले तेच शिकवलं. तेजस्विनीनं इचारलं होतं, शिकवलं कोनं. मी वाचलं होतं ते. तुहे दोनी सहा माहे हायत."

दीक्षाचा चेहरा आधी मऊ झाला आणि मग शेवटचं वाक्य आत पोचल्यावर तापला. "तुमी वाचलं होतं? चार दिवस झाले त्याले."

"हो."

"मी तुमाले वाईट वाटू नये म्हनून रोज इथं बसून ते लिवून राह्यली होती, बाबा. तुमच्यासाठी. आन तुमाले मालूम होतं." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "माह्याजवळ सहा दिवस राह्यले." ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. संध्याकाळी ती जेवायला आली, पण ताट घेऊन आईच्या पलीकडे बसली. देवाजींना जन्मात पहिल्यांदा कारण सांगून हलकं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पावसाची वही भरून झाल्यावर देवाजींनी शिवणाची कात्री मागितली. नकलांचा अख्खा गठ्ठा मांडीवर घेतला आणि एकेका कागदाची उजवी बाजू, कैफियतीचा रकाना तेवढा, सरळ कापायला सुरुवात केली. दीक्षा दारात येऊन उभी राहिली. एकतीस वर्षांची कारणं लांब पट्ट्या होऊन त्यांच्या पायाशी पडत होती. त्यांना त्रास होत होता, ते लपतही नव्हतं. एका पट्टीवर त्यांनी कात्री थांबवली, वाचली, आणि कापली. सखूबाईंनी सगळा ढीग पाणी तापवायच्या चुलीपाशी नेऊन ठेवला.

"बस," देवाजी मुलीला म्हणाले. "आता काऊन नाई इचारत मी."

दीक्षा बसली. राग पुरता गेलेला नव्हता, पण दिवस मोजके होते. उतार आला की तिचा हात अडे. पेन कागदावर टेकलेलं, अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं, आणि पुढचा शब्द येत नाही. समोर देवाजी ओठ दाबून बसलेले. त्यांना तिला सांगावंसं वाटे की पुढचं वाक्य लिही, आणि ते सांगायलाही भीत की आपल्या तोंडून जुनंच निघेल. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत तिचे नव्वद शब्द झाले. दुसऱ्या दिवशी एकशे दहा, त्यात दोन ड्यू टू.

त्याहून अवघड होतं ते दुसरं, सगळं मिळून काय दिसतं ते. तेजस्विनी त्याला ओव्हरव्ह्यू म्हणत होती. देवाजींनी ऐकल्यावर म्हटलं, "म्हंजे गोषवारा." आणि मग त्यांना आपली दुसरी चूक उमगली. त्यांनी मुलीला गोषवारा कधी शिकवलाच नव्हता, कारण त्यांनी स्वतः तो कधी लिहिला नव्हता. कचेरीत कारकुनानं ओळी भरायच्या, एकेका आकड्याचा जाब द्यायचा. सगळ्यांच्या वर दोन ओळींचा गोषवारा साहेब लिहायचा आणि खाली सही करायचा. एकदा, फार पूर्वी, देवाजींनी हौसेनं तो लिहिला होता. साहेबानं तो खोडून जवळपास तोच पुन्हा लिहिला होता.

"तू माह्यासारखी खालून बघून राह्यली," ते दीक्षाला म्हणाले. "एकेक ओळ, भेत भेत. कागद जरा दूर धर. आता तू साहेब हाय. तुले कोनी इचारनार नाई. तूच सांगाचं, एकंदर काय झालं."

दीक्षानं कागद हातभर लांब धरला. बराच वेळ बघितलं. मग लिहिलं, ओव्हरऑल, आणि पुढे न अडखळता दोन वाक्यं. तिनं बापाकडे बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. इतकं साधं असेल आणि आपल्याला एकतीस वर्षं ते करू दिलं नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते त्यांनी तिला तसं सांगितलंही. परीक्षेच्या आदल्या दिवशी, हैदराबादच्या गाडीत बसायच्या आधी, तिनं एकोणीस मिनिटांत एकशे बासष्ट शब्द लिहिले. ड्यू टू एकच होतं. एक तरी होतंच.

परीक्षेच्या इमारतीबाहेर देवाजी फुटपाथवर उभे राहिले. रखवालदारानं दोनदा बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. तीन तासांनी दीक्षा बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. काय झालं, कसं झालं, एवढं का झालं, एवढं का नाही, सगळे प्रश्न दाताखाली धरून ठेवले.

चौकापर्यंत आल्यावर तीच बोलली. "तीन देशांतले लोक चहा किती पेतेत, त्याचा आलेख होता. एका देशाची रेघ मंधातच धपकन पडली."

"मंग?"

"कारन बी सुचलं होतं मले."

कोणतं, हा शब्द देवाजींच्या ओठांपर्यंत आला. चहा पिणारे लोक एकाएकी चहा कशानं सोडतात, हे कळायला त्यांचा जीव तडफडत होता. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"टाइप करत होती न मी. हात आपोआपच चालून राह्यले होते. मंग दोनी हात मांडीखाली घातले आन बसली तशीच. किती वेळ गेला काय मालूम. मंग गोषवारा लिवला आधी." तिनं त्यांच्या हातून बाटली घेतली. "पन शेवटी वाचाले वेळच नाई भेटला, बाबा. एखांदं कुठी राह्यलं असंन तं सांगता येत नाई."

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. देवाजींना वाटत होतं, राहिलं असेल. आपणच घातलेलं आहे ते, इतक्या सहज कसं निघेल.

निकालाला पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी दुपारी दीक्षाचा दवाखान्यातून फोन आला. "बाबा, आकडे वाचते. ऐकाचं साडेसात. वाचाचं सात. बोलाचं सात." देवाजी कानाला फोन लावून अंगणात उभे. सखूबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता, आणि तो रडण्याचा आहे की हसण्याचा, ते कळत नव्हतं.

"लिवाचं साडेसहा," दीक्षा म्हणाली.

देवाजी खाली ओट्यावर बसले. सखूबाईंनी त्यांच्या हातून फोन काढून घेतला, कारण मुलीशी कुणीतरी बोलायला हवं होतं.

कागदपत्रं होता होता जुलै उजाडला. विमानतळावर दीक्षानं आईबापाच्या पायाला हात लावला, बाबासाहेबांचा छोटा फोटो पर्समध्ये नीट ठेवल्याचं आईला दाखवलं, आणि देवाजींना म्हणाली, "जय भीम बाबा. तब्येत कशी हाय ते रोज सांगाचं. कारनं नाई सांगाचे." मग ती आत गेली. काचेपलीकडे दिसेनाशी झाली तरी दोघं बराच वेळ तिथंच होती.

गावी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला देवाजी नेहमीप्रमाणे अंगणात गेले. मापात पाणी ओतलं. बारा मिलिमीटर. वहीत तारीख घातली, आकडा घातला, आणि पेन शेवटच्या रकान्यावर आलं. तिथं ते थोडा वेळ राहिलं. मग त्यांनी टोपण लावलं आणि रकाना तसाच कोरा सोडला.

सखूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

"डोये काऊन लाल झाले तुमचे?"

"लाल हायत," देवाजी म्हणाले. "तेवढंच दिसते."

सखूबाईंनी कप त्यांच्या हातात दिला आणि शेजारी टेकल्या. बाप-लेकीची ती शिकवणी त्यांनी तुरी निवडता निवडता सगळी ऐकली होती. रिकाम्या खाटेकडे, दोरीवर राहून गेलेल्या ओढणीकडे, दोघांपुरत्याच मांडलेल्या कपांकडे त्यांची नजर फिरून आली.

"बरं, कारन नका सांगू," त्या म्हणाल्या. "गोषवारा तं सांगा."

देवाजींनी वही जरा दूर धरली. कापूस वेचणारी आई, तीन भाषांतला तो प्रश्न, नाल्यातली जीप, उडालेली छत्री, दोन सहा, आणि काचेपलीकडे गेलेली पाठ, हे सगळं त्यांनी एकदम बघितलं.

"एकंदर," ते म्हणाले. "एकंदर पाह्यलं तं, चढती हाय."